पुंगळ्यांचे रविवार

नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागला असता, तर मला चारचौघींत रडता तरी आलं असतं. आमचे हे लागले पितळेच्या पुंगळ्यांच्या नादी. त्याचं रडगाणं कुणापुढं गाणार? शेजारणीला एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, "बाई, दारू पीत न्हाईत, पत्ते कुटत न्हाईत, पितळ गोळा करून राहिलेत. तुला काय कमी हाय?" काय कमी होतं ते माझं मलाच नीट सांगता येत नव्हतं.

आमचं गाव लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, भूकंपाच्या पट्ट्यातलं. दगडामातीच्या रुंद भिंती, वर मातीचं सपाट माळवद, असं घर. भूकंप झाला तेव्हा मी बाळंतपणासाठी नांदेडला माहेरी होते. गावाकडं हे आणि माझी सासू, दोघंच. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. त्या गेल्या. घर बसलं. हे अंगणात झोपले होते म्हणून वाचले. सगळं आवरून हे नांदेडला आले तेव्हा मुलगी पाळण्यात होती आणि ह्यांच्या डोक्यावर केस नव्हते. पाळण्यात डोकावून बघितलं, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "आई गेली." तेवढंच. मी वाट बघत राहिले की पुढं काही बोलतील. पुढं बारा वर्षं गेली.

मलब्यातून जे निघालं त्यात एक जुनी रायफल होती. ह्यांच्या आजोबांना निजामाच्या अमदानीत कसलासा हुद्दा होता, त्या वेळची. परवाना आजोबांकडून सासऱ्यांकडं, सासऱ्यांकडून ह्यांच्याकडं आला होता. लाकडी दस्ता चिरला होता, बाकी धड. पण तिची काडतुसं बनायची कधीच बंद झालेली. म्हणजे ती नुसती लोखंडाची कांब. कपाटावर पडून राहिली.

आम्ही लातुरात आलो. हे ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मग शहरात क्लासेसचं पेव फुटलं. परभणी, बीड, भोकर, चाकूर, कुठून कुठून पोरं यायला लागली. गल्लीत घर कमी आणि होस्टेलच्या पाट्या जास्त झाल्या. ह्यांना एका मोठ्या क्लासनं बोलावून घेतलं. आम्ही वरचा मजला चढवला, तिथं मुली ठेवल्या. त्यांची मेस मी बघायची. सकाळी पोहे, दोन वेळचं जेवण, परीक्षेच्या दिवसांत रात्रीचं दूध. त्या मुली ताटावर बसल्या की म्हणायच्या, "काकू, सर आज किती हसवून राहिले होते! पोट दुखलं."

मी पोळी उलटता उलटता विचारायची, "काय म्हणाले?"

त्या सांगायच्या. चांगले विनोद असायचे. मी पहिल्यांदाच ऐकत असायची. घरी आले की ह्यांचा घसा बसलेला. पाणी प्यायचे, पंख्याखाली आडवे व्हायचे. मी काही विचारलं की "हं". भाजी कशी झाली? "हं." आईचा फोन आला होता. "हं." दीडशे पोरांना दिवसभर वाटून जो आवाज उरायचा, तेवढा माझ्या वाट्याचा. त्या मुलींचा मला हेवा वाटायचा. माझ्या लेकीसारख्या त्या, पण वाटायचा.

अशात परवान्याचं नूतनीकरण आलं. कचेरीत कारकून ह्यांना म्हणाला, "सर, चालत न्हाई तर जमा करून टाका. कशाला भानगड?" हे म्हणाले, "चालते." घरी आले, स्टूल घेऊन रायफल खाली काढली, पुसली आणि तिच्याकडं बघत बसले. त्या दिवसापासून सुरू झालं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण घरात राहून कानावर पडतंच. काडतूस म्हणजे मुळात पितळेची पुंगळी. तिच्या पोटात दारू, तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, पुंगळी मागं राहते आणि ती पुन्हा भरता येते. पण ह्यांच्या रायफलीची पुंगळीच कुठं मिळत नव्हती. मग दुसऱ्या, चालू जातीच्या रायफलीच्या उडवलेल्या पुंगळ्या घ्यायच्या, बूड जुळणाऱ्या आणि अंगानं लांब. त्या कापायच्या, दाबायच्या, मान आवळायची, आणि जुन्या रायफलीच्या मापात बसवायच्या. भरायचं काम हैदराबादच्या एका परवानेवाल्या दुकानात करून मिळणार होतं. त्यासाठी ह्यांनी अर्ज केले, खेटे घातले, रीतसर परवानगी काढली. फक्त पितळ तुमचं तुम्ही आणा, असं दुकानदार म्हणाला होता.

मग पितळेचा शोध. लातूरचं भंगार झालं, उदगीरचं झालं. तांब्या, समया, फुटके नळ यांच्या ढिगात हे हात घालून बसायचे. नको त्या पुंगळ्या मिळायच्या, बुडाशी जाड, नाहीतर चेपलेल्या. शेवटी नांदेडच्या नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरीनं मोजून, सही घेऊन काही दिल्या. त्या दिवशी हे घरी आले ते पायांतले बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात. ओट्यावर, कुकरच्या शेजारी, एक पुंगळी उभी केली.

"बघ."

"काय बघू?"

"बूड बघ. तंतोतंत."

इतक्या दिवसांनी आपण होऊन काही दाखवायला आले म्हणून मी गॅस बंद केला, हात पुसले, बूड बघितलं. बूड म्हणजे बूड. मी म्हणाले, "छान हाय." पण मला काही कळलं नाही हे ह्यांना कळलं. पुंगळी उचलून बाहेर गेले. मुलगी वर्गात पहिली आली तेव्हाही ह्यांचा चेहरा असा फुलला नव्हता, हे माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

घरी करायला गेले तर पुंगळ्या तोंडाशी तडकायला लागल्या. टेबलाला पकड लावली, तापवायला मेणबत्ती घेतली, हात भाजून घेतला. क्लबमधल्या कुणीतरी सांगितलं, नांदेडात इतवारा भागात एक खरादी आहे, पितळेचं काम त्याच्यासारखं कुणी करत नाही. पंपाचे बुश, मोटारीचे भाग, हुक्क्याच्या नळ्या, सगळं लेथवर काढतो. हे एका रविवारी त्याच्याकडं गेले. मग दुसऱ्या रविवारी. मग प्रत्येक रविवारी.

मी काही म्हणाले नाही. आठवडाभर राबणारा माणूस, एक दिवस मनासारखा घालवतो, असं स्वतःला समजावलं. एक दिवस माझ्या आईचा फोन आला. तिचा आवाज पडलेला. "जावई दर रविवारी नांदेडात येतात म्हणे. आपल्याकडं यायचं काही दुखलंखुपलं का?"

तेवढ्यात माझ्या धाकट्या भावानं आईच्या हातून फोन घेतला. "ताई, मी बघितलं ना दाजींना. इतवाऱ्यात त्या खराद्याच्या दुकानात. स्टुलावर बसून बोलून राहिले होते."

"कोण बोलत होतं?"

"दाजी!"

"ह्ये? बोलत होते?"

"हातवारे करून! मी समोर पानाच्या टपरीवर उभा होतो. दाजी थांबायला तयार न्हाईत. मी म्हणलं, आता मधी कशाला जावा."

फोन ठेवला. मेसच्या मुलींसाठी वांगी चिरत होते. वर्गात बोलतात ते पगाराचं बोलणं, हे मी मान्य केलं होतं. पण पगार नाही, पोरं नाहीत, परीक्षा नाही, तरी हा माणूस तिथं जाऊन हातवारे करून बोलतो. माझ्या माहेरच्या गावात, माझ्या माहेराला ओलांडून. मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही, जळजळ.

शनिवारी मी म्हणाले, "उद्या मीबी येते."

"तुला काय करायचंय तिथं?"

"आईला भेटते. जाता जाता तुमचं ते दुकान बघते."

ह्यांनी मान हलवली. मेसचं शेजारणीला सांगितलं, डबा भरला, दशम्या, पिठलं, लोणचं. एस्टीत हे खिडकीशी बसले आणि अहमदपूर यायच्या आत झोपले. लोह्याच्या स्टँडवर जागे झाले, केस नीट केले. केस नीट केलेले मी बघितले.

दुकान लहान. पुढं लेथ, मागं हातदाबाचं यंत्र, भिंतीला साचे टांगलेले, सगळीकडं पितळेचा पिवळा भुसा. खरादी ह्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असतील. दाढी पांढरी, बनियन काळा. मला बघून हात पुसत उठले. "या भाभी, या. गरिबाच्या दुकानात बसायला जागा न्हाई, माफी असू द्या." स्टूल फडक्यानं पुसून मला दिलं. ते ह्यांचं स्टूल होतं. हे खोक्यावर बसले, आणि ते खोकंही ह्यांना ओळखीचं असल्यासारखे बसले.

"उस्ताद, मागच्या कशा निघाल्या?" ह्यांनी विचारलं. हा आवाज मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

"दोन तडकल्या. घाई झाली आपली, सर. पितळ दाबून दाबून चिडतं. मधी मधी ऊब द्यावी लागते त्याला, मग नरम येतं."

मी मनात म्हणाले, पितळेचं बरंय.

मग दोघं कामाला लागले. उस्ताद चिमट्यात पुंगळी धरून तिचं तोंड ज्योतीवर फिरवत. रंग बदलायला लागला की पाण्यात टाकत, चर्र आवाज व्हायचा. हे ती काढून पुसत, तेलाचं बोट लावत आणि साच्यात उभी करत. उस्ताद दांडा खाली ओढत. पुंगळी बाहेर यायची ती खांदे पडलेली, मान बारीक झालेली. मग ती लेथवर, जास्तीची लांबी छाटायला. उस्तादांनी हात पुढं केला की त्यात कानस यायची. ह्यांनी बोट दाखवलं की फडकं यायचं. आमच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे ह्यांना आजही ठाऊक नाही. इथं कुठल्या खिळ्याला काय टांगलंय ते न बघता कळत होतं.

आणि दोघं बोलत होते. माझ्यामुळं थोडं कमी असेल, पण बोलत होते. बोलताना एकमेकांकडं बघत नव्हते.

दुपारी मी डबा सोडला. उस्तादांनी वर घरी चहा सांगितला, दशमी घेतली, लोणचं तोंडात घातलं आणि डोळे मिटले. "वा भाभी! वरिस झालं असंल न्हाई या लोणच्याला? तरी कसं ताजं. सासूबाईचं शेवटचं बोलणं तुम्ही पाळलं बघा."

मी म्हणाले, "कोणतं बोलणं?"

"तेच की. वल्ला हात बरणीत घालू नको म्हणावं तिला, बुरशी येती. मातीखालून बोलल्या ना बिचाऱ्या. आखरी वक्ताला बी सुनेची याद."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी एक पुंगळी उचलली आणि मोजमापाच्या पट्टीत धरली. ती पुंगळी तर जेवणाआधीच मोजून झाली होती.

उस्तादांच्या हातातला घास तिथंच राहिला. "सर," ते हळू म्हणाले, "भाभीला सांगितलं न्हवतं?"

मी डबा तसाच ठेवला आणि उठले. कुठं जायचं ठरलं नव्हतं. दुकानाच्या बगलेला जिना होता, वर उस्तादांचं घर. जिन्यात त्यांची बायको चहाचे कप घेऊन उतरत होती. माझा चेहरा बघून तिनं मला कोपराला धरलं आणि वर नेलं. पाणी दिलं. काय झालं विचारलं नाही. मीच बोलले, "आपा, माझा नवरा तुमच्या घरवाल्याला सगळं सांगतो. मला काही सांगत न्हाई."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला राग आला. ती म्हणाली, "गुस्सा नका करू, बाई. मी बी तेच म्हणून राहिले कवाची. आमचे हे वर आले की टीव्ही लावतात. काही विचारलं तर 'हूं'. तुमचे सर आले की दिवसभर खाली गुटर्गू, गुटर्गू. मला तर वाटतं दोघांचा निकाह लावून द्यावा."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. "ह्यांचा एक भाऊ दुबईला गेला, परत आलाच न्हाई. त्याचं नाव माझ्यापुढं काढत न्हाईत. सरांपुढं काढत असतील. तुम्ही घरी विचारा, अन मला सांगा." हे म्हणताना तीही हसत नव्हती.

मी दुकानात परत न जाता रिक्षा करून आईकडं गेले. संध्याकाळी ऊन असतानाच हे तिथं आले. आईनं धावपळ केली, शिरा केला, ह्यांनी खाल्ला. मग मी म्हणाले, "गच्चीवर चला." गच्चीवर वाळवणाची चटई होती. तिच्यावर बसलो.

"सांगा," मी म्हणाले.

ह्यांनी सांगितलं. मोजून मापून, तोंड दुसरीकडं करून. तुळई आडवी पडली होती, ती एकट्यानं हलत नव्हती. बोलावणार कुणाला, जो तो आपल्या ढिगाऱ्याशी. आतून आत्याबाईंचा आवाज येत होता. घाबरलेला नव्हता, रोजच्यासारखा. म्हैस सुटली का, विचारलं. नांदेडहून काही निरोप आला का, विचारलं. हे बोलत राहिले, त्या बोलत राहिल्या. मग लोणच्याचं म्हणाल्या. नंतर ह्यांनी हाक मारली तर उत्तर आलं नाही. तुळई निघाली तेव्हा ऊन वर आलं होतं.

मी ऐकलं. रडले. ह्यांनी लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गप. गप."

"मला का न्हाई सांगितलं? निरोप माझा होता."

"तू रडली असतीस."

"मग रडले असते!"

"तू रडलीस की मला तुला गप्प करावं लागतं," हे म्हणाले. "तिथं मशीन चालू असतं. उस्ताद माझ्याकडं बघत न्हाईत. त्यांचं लक्ष पितळेत. मग बोलता येतं."

हे मला पटलं. पटलं म्हणून जळायची थांबले असं मात्र झालं नाही. ह्यांनी मला जे सांगितलं ते एका चटईवर मावलं. उस्तादांना सांगायला रविवारांमागून रविवार लागले होते. म्हणजे तिथं किती सांगितलं असेल, त्यातलं मला किती मिळालं, हा हिशेब मी एस्टीत लातूरपर्यंत करत आले.

नंतर मी एक गोष्ट केली. एका सकाळी हे चहा घ्यायला ओट्याशी आले, तेव्हा मी मिक्सरमध्ये दाणे घातले, ह्यांच्याकडं पाठ केली आणि मिक्सर सुरू केला.

"काय करून राहिलीस?" हे ओरडून म्हणाले.

"मशीन चालू केलं! बोला आता!"

मग हे हसायला लागले. मिक्सरच्या वर ऐकू येईल इतकं हसले. वरच्या मुली जिन्यात येऊन बघायला लागल्या. त्या दिवशी बोलले नाहीत, पण पुढं कधी गहू निवडताना, कधी मी पोळ्या लाटताना, मागं येऊन उभे राहायचे आणि एखादी गोष्ट सांगून जायचे. आत्याबाई लहानपणी ह्यांना कशी आंघोळ घालायच्या, असलं काहीतरी. मी मान वर करायची नाही. लाटत राहायची. उस्तादांच्या भावाचं विचारलं तेव्हा मात्र हे म्हणाले, "ते त्यांचं आहे." आपाला मी फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, "बघा! निकाहच लावा."

पुंगळ्या झाल्या, हैदराबादहून भरून आल्या. क्लबच्या मैदानावर रायफल चालवून बघायचा दिवस ठरला. मी गेले, आपाही बुरखा घालून आली. आम्ही दोघी मागं झाडाखाली उभ्या. हे आडवे पडले, खांद्याला रायफल लावली. बार झाला. कावळे उडाले. इतक्या वर्षांनी ती कांब पुन्हा रायफल झाली आणि माझ्या अंगावर काटा आला, हे खोटं कशाला सांगू. ह्यांनी दांडा मागं ओढला, पुंगळी बाहेर पडली. ती उचलून हे उठले, वळले. मी झाडाखालून निघून ह्यांच्यापर्यंत पोचले होते. हात पुढं केला होता.

हे माझ्या बाजूनं पुढं गेले आणि पुंगळी उस्तादांच्या हातावर ठेवली.

उस्तादांनी ती उन्हात फिरवून बघितली. तोंड, मान, खांदा. "कुठं तडा न्हाई," ते म्हणाले, आणि ह्यांचे डोळे भरून आले. उस्तादांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. "भाभी, तुम्ही बी बघा." मी घेतली. अजून गरम होती. तिचं काय बघायचं असतं ते मला अजूनही येत नव्हतं. परत दिली.

उस्तादांची सगळ्यांत धाकटी मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची. दहावीला तिनं चांगले गुण काढले. हे म्हणाले, "लातूरला पाठवा. आमच्याकडं राहील." मी मेसवाली, मला विचारलं नाही, पण मी नाहीही म्हणाले नसते. ती आली. आमच्या मुलीच्या खोलीत दुसरा पलंग टाकला. दोघी एकाच क्लासला, ह्यांच्याच वर्गात. गुणी पोरगी. ताट स्वतः धुवायची. माझ्या मुलीला गणित समजावून सांगायची. उस्ताद रविवारी आपाचा डबा घेऊन यायचे, आणि मग दोघांची बैठक आमच्या ओसरीवर. आधी निदान नांदेडला व्हायचं. आता माझ्या दारात.

निकाल लागला. त्यांची मुलगी मेडिकलला सरकारी कॉलेजात लागली. माझी मुलगी बी.एस्सी.ला गेली. ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले. कुणीतरी विचारलं, "सर, तुमचीच का?" हे म्हणाले, "आमचीच." माझी मुलगी बाजूला उभी होती. मी तिचा हात धरून आत नेलं. ती मला म्हणाली, "आई, तू कशाला रडतेस? मला आनंद झालाय." तिला खरंच झाला होता. आत येऊन उस्तादांच्या पोरीनं माझ्या गळ्यात हात टाकले. दोन वर्षं मी तिला जेवू घातलं होतं, ताप आला तेव्हा उशाशी बसले होते. मी तिला घट्ट धरलं. आणि घट्ट धरूनही पोटात जळतच होतं. दोन्ही एकदम होतं, माणसाला होतं.

रायफल आता नाही. पुढं कधीतरी निवडणुकीच्या वेळी सगळ्यांनी हत्यारं ठाण्यात जमा केली, तेव्हा ह्यांनी ती कायमचीच देऊन टाकली. तिचं कौतुक संपलं होतं. दुकानही बंद झालं, उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांची मुलगी डॉक्टर होऊन लातुरातच नोकरीला लागली होती, तिनं ऑपरेशनचं सगळं जमवलं. ऑपरेशननंतर उस्ताद आमच्याकडं राहिले, कारण तिच्या खोलीवर जायला जिना होता आणि आमच्या खालच्या मजल्याला नव्हता.

पहिल्या सकाळी दोघं ओसरीवर बसले होते. उस्तादांच्या एका डोळ्याला पट्टी, ह्यांच्या हातात पेपर, वाचत कुणीच नव्हतं. बोलणं चाललं होतं. मी चहा घेऊन गेले. बोलणं थांबलं.

"ठेव," हे म्हणाले.

मी ट्रे खाली ठेवला. ट्रेमध्ये तीन कप होते. एक मी उचलला आणि खुर्ची ओढून बसले. हे पेपर वाचायला लागले. उस्ताद अंगणाकडं बघत राहिले. रस्त्यानं क्लासची पोरं सायकली मारत चालली होती, पाठीवर दप्तरं. मी चहा पीत राहिले. चहा संपला तरी उठले नाही.

बऱ्याच वेळानं उस्ताद खाकरले. "तर सर," ते म्हणाले, "माझा भाऊ विमानात बसायला निघाला त्या दिवशी..." आणि थांबून त्यांनी न बांधलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मी अंगणाकडं बघायला लागले. ते पुढं सांगायला लागले.